टाक्याला दोन दिवस

त्या घरात आजारी माणसाने किती दिवस पडून राहायचं, याचा निकाल टाके मोजून लागत असे. एका टाक्याला दोन दिवस. हसू नका. घरामागेच धंद्याची लाँड्री, घरात तीन सुना, आणि वर्षाचे बारा महिने ओल्या चादरींचे ढीग. एकीने अंथरूण धरलं की तिचं काम उरलेल्या दोघींच्या बोकांडी बसायचं. मग कुरबुर, टोमणे, "मला कधी कुणी पेलाभर पाणी दिलं होतं का" हे नेहमीचं पुराण. सासूबाई एकदा वैतागल्या आणि त्यांनी कायदाच करून टाकला.

थोरलीचं पित्ताशय काढलं तेव्हा पोटावर एकवीस टाके आले. सासूबाईंनी खोलीचं दार लोटलं, चष्मा लावला, बोट न टेकवता एकेक टाका मोजला आणि बाहेर येऊन सांगितलं, "बेचाळीस दिवस. त्रेचाळिसाव्या दिवशी इस्त्रीला उभी." धाकटीचं बाळ पोट फाडून काढलं, तिला सतरा टाके, चौतीस दिवस. त्या दिवसांत मात्र सासूबाई सुनेला ताटावरून उठू देत नसत, केससुद्धा स्वतः विंचरून देत. बाई कडक होती, पण दुष्ट म्हणायची सोय नव्हती.

राहिली मधली. ही पहिल्यापासून हट्टीकट्टी. दोन्ही लेकरं सुखरूप झाली, कधी दातसुद्धा उपटून घ्यावा लागला नाही. त्यामुळे बावीस वर्षांत तिच्या वाट्याला एकही दिवस आला नव्हता. थोरलीचे बेचाळीस आणि धाकटीचे चौतीस दिवस पिळणीच्या मशीनमधून चादरी उपसल्या त्या हिनेच. आणि खोटं कशाला बोला, हीसुद्धा काही कमी नव्हती. पस्तिसाव्या दिवशी धाकटी कंबर धरून म्हणाली, "ताई, अजून चमक येते हो," तेव्हा हीच फणकारली होती, "चौतीस झाले की गं! मला काय चार हात आहेत?"

मग चव्वेचाळिसाव्या वर्षी मधलीच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं, चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, शेवटी डॉक्टर म्हणाले, पिशवी काढलेली बरी. आता मधलीच्या मनात काय आलं ते ऐका. तिच्या मनात आलं, वीसेक टाके तरी पडतील. चाळीस दिवस. खिडकीजवळच्या पलंगावर दुपारची झोपेन, कुणी हाक मारली तरी ओ देणार नाही. बाईला ऑपरेशनची भीती वाटायच्या आधी सुट्टीचा आनंद झाला. काय म्हणायचं अशा संसाराला!

ऑपरेशनची माहिती घ्यायला ती नवऱ्याबरोबर गेली. या नवऱ्याला अख्खी गल्ली 'इंजिनिअर' म्हणायची. शाळा नववीत सुटलेली, पण लाँड्रीचं कुठलंही मशीन खोलून पुन्हा जोडायचा, आणि एखादा स्क्रू उरला तर म्हणायचा, कंपनीनेच जास्तीचा दिला होता.

सर्जन एक बाई होत्या. टेबलावर कागद ओढून त्यांनी पेनाने पोट काढलं आणि त्यावर पाच ठिपके दिले. "तुमचं ऑपरेशन रोबोटच्या मदतीने करू. पोटावर एवढीच पाच भोकं. त्यातून कॅमेरा आणि बारीक हत्यारं आत जातील."

"म्हणजे यंत्र करणार? तुम्ही नाही?" मधली घाबरली.

"मीच करणार. मी त्याच खोलीत एका खुर्चीत बसते, दोन्ही हातांत यंत्राच्या मुठी असतात, समोर तुमच्या पोटातलं चित्र मोठं होऊन दिसतं. माझं बोट हललं की आतलं हत्यार हलतं. मी डोकं बाजूला केलं तर ते जागच्या जागी थांबतं. त्याला स्वतःची अक्कल नाही."

"हात किती त्याला?" इंजिनिअर खुर्चीच्या कडेवर आला.

"चार."

"मनगट फिरतं?"

"आपल्यापेक्षा जास्त फिरतं."

"अरे वा! आणि लाइट गेली तर?"

"बॅटरी असते. आणि वेळ पडली तर आम्हाला हातानेही येतं." सर्जन बाई हसल्या आणि मधलीकडे वळल्या. "आता माझं नीट ऐका. रक्त कमी जाईल, दुखणं कमी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. पण बाहेर भोकं बारीक आहेत म्हणून आतलं काम बारीक नसतं. पिशवी काढली की तिथलं तोंड मी आतून शिवून बंद करते. ती शिवण भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, मग पोट फाडून करा नाहीतर रोबोटने करा. तोपर्यंत पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. चाला, फिरा, हलकं काम करा. उचलू नका. उचललंत तर शिवण उसवेल."

मधलीने मान हलवली. तिला सगळं कळलं. इंजिनिअरनेही हलवली, पण त्याचं मन त्या मनगटात अडकलं होतं. घरी आल्यावर जेवताना त्याने ताट बाजूला सारून रोबोट करून दाखवला. "चार हात! आणि मनगट असं गर्रकन! डॉक्टरीण नुसती खुर्चीत बसून!" शिवणीचं त्याने अवाक्षर काढलं नाही. मुद्दाम नाही हो, त्याला ते आठवलंच नाही. सासूबाईंनी कौतुकाने ऐकलं. त्यांना मशीनचा अनुभव होता. त्यांच्या उमेदीत ज्या चादरींना तीन दिवस लागायचे, त्या आता तासाभरात निघत. तेव्हा मशीनने केलेलं ऑपरेशन म्हणजे लवकर उरकणार, हे त्यांनी मनात पक्कं धरलं.

ऑपरेशन छान झालं. मधली शुद्धीवर आली ती खांदा धरूनच. पोट फुगवायला आत गॅस भरतात, तो जाईपर्यंत खांदा ठणकतो, असं नर्सने सांगितलं. नर्सनेच संध्याकाळी मधलीला हाताला धरून चार पावलं चालवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरासमोर लाँड्रीची व्हॅन थांबली, आणि मधली दार उघडून आपल्या पायांनी उतरली. इथेच चुकलं तिचं. थोरलीला त्या वेळी चौघांनी खुर्चीत बसवून आत नेलं होतं, गल्ली गोळा झाली होती. ही आपली चपला काढून, पाय धुऊन आत आली आणि म्हणाली, "खांदा फार दुखतोय."

"ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा?" थोरली म्हणाली. "उद्या म्हणशील, शेजारणीचं डोकं दुखतंय."

सासूबाईंनी दार लोटलं. चष्मा लावला. मधलीने पदर बाजूला केला. पाच बारीक खुणा, प्रत्येकीवर चकचकीत पापुद्रा. सासूबाई वाकल्या, आणखी वाकल्या, खिडकी उघडली.

"टाके कुठायत गं?"

"बाहेर नाहीत आई. गोंद लावलाय."

"गोंद? पोट आहे का पाकीट?"

"आत आहेत ना टाके. आतून शिवलंय सगळं. सहा आठवडे काही उचलायचं नाही म्हणाल्या डॉक्टर."

"आतले मी कसे मोजू?"

मधलीने हॉस्पिटलातून दिलेली पुस्तिका काढून दिली. सासूबाईंनी ती मुलाकडे दिली. इंजिनिअरने मोठ्याने वाचलं, "पहिल्या दिवसापासून चालावे. हलकी कामे सुरू करावीत." पुढचं पान उलटलं, पाच किलोची ओळ बघितली, आणि म्हणाला, "हे सगळ्यांसाठी एकच छापलेलं असतं. जुन्या पद्धतीने कापतात ना, त्यांच्यासाठी. आपलं रोबोटचं आहे." त्याला खरंच तसं वाटत होतं. शहाण्याला समजावता येतं, वेड्यालाही समजावता येतं, पण ज्याला आपल्याला मशीन कळतं असं वाटतं त्याच्यापुढे देवसुद्धा हात टेकतो.

सासूबाईंनी बराच विचार केला. त्यांना अन्याय करायचा नव्हता. "पाच भोकं," त्या म्हणाल्या. "टाका एकही नाही. पण भोकाला एक टाका धरू. दहा दिवस पड निवांत." आणि आपण मोठी सवलत दिली अशा समाधानाने त्या तिच्यासाठी पेज करायला गेल्या.

मधली त्या वेळी भांडली का नाही? मीही तिला तेच विचारलं असतं. पण कुठल्या तोंडाने भांडणार? बावीस वर्षं ती याच कायद्याखाली राहिली होती, आणि तो दुसऱ्यांवर चालवतही आली होती. धाकटी उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडेच बघत होती. मधलीने पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला रडू आलं, पण रडताना पोट दुखायचं, म्हणून तेही तिने आवरलं.

दहा दिवस सरले. अकराव्या दिवशी ती लाँड्रीत गेली. आधी नुसत्या घड्या घातल्या. मग इस्त्रीला उभी राहिली. मग कुणी म्हणालं नाही तरी आपली जागा आपल्याला ओळखते, ती पिळणीपाशी गेली. पहिल्यांदा चार-चार चादरी उपसल्या. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आठ. "बघ, म्हटलं नव्हतं?" इंजिनिअर खूश झाला. खरं सांगायचं तर तिलाही जरा गर्व झाला. रात्री मात्र ओटीपोटात ओढल्यासारखं व्हायचं. ती पोटाशी उशी धरून पडायची आणि पुस्तिकेतली ती ओळ परत परत वाचायची.

एकोणिसाव्या दिवशी एका मोठ्या लॉजच्या चादरी आल्या. ढकलगाडीचं चाक तुटलं होतं. 'आज करतो, उद्या करतो' करत इंजिनिअरने ते आठवडाभर टांगून ठेवलं होतं. मशीन थांबलं, झाकण उघडलं, मधलीने आत वाकून दोन्ही हातांनी चादरींचा गठ्ठा उपसला, कमरेवर घेतला आणि टेबलाकडे वळली. आत काहीतरी सुटलं. दुखलं नाही, नुसतं सुटलं. मग मांड्यांवरून गरम पाणी गेलं. तिने गठ्ठा खाली ठेवला आणि तिच्याने उभं राहवेना, म्हणून त्यावरच बसली.

"अगं, धुतलेल्या चादरींवर कसली बसतेस!" थोरली ओरडली.

मग थोरलीला चादरीवरचा लाल रंग दिसला, आणि ती जी किंचाळली ते चार घरांपर्यंत ऐकू गेलं. पण हेही सांगितलं पाहिजे, की मधलीला उचलून व्हॅनमध्ये घातलं ते थोरलीनेच, एकटीने. व्हॅनमध्ये इस्त्री केलेल्या चादरींचे गठ्ठे होते. तिला त्यांच्यावर निजवलं आणि हॉस्पिटलात नेलं.

आतली शिवण उसवली होती. सर्जन बाईंनी ती तातडीने खालच्या बाजूने पुन्हा शिवली, या वेळी हाताने, रोबोट-बिबोट काही नाही. बाहेर येऊन त्यांनी टोपी काढली आणि इंजिनिअरला आणि सासूबाईंना समोर बसवलं.

"थोडक्यात वाचल्या. आतडं खाली उतरायच्या बेतात होतं. कसं झालं हे?"

"मशीनमध्ये काही बिघाड?" इंजिनिअरने विचारलं. अगदी मनापासून, एका तंत्रज्ञाने दुसऱ्याला विचारावं तसं.

"मशीनला काही झालेलं नाही. त्यांनी काय उचललं?"

"घरचं काम, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या.

"किती वजन?"

आता हे इंजिनिअरला नक्की माहीत होतं. "पिळलेली चादर सव्वा किलो धरा. एका खेपेला सोळा चादरी. वीस किलो." आणि आकडा तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचा चेहरा उतरला.

सर्जन बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी मोठ्या अक्षरांत 'आठ आठवडे' लिहून कागद त्याच्या हातात दिला आणि उठून गेल्या.

मधली घरी आली. दोनच दिवसांत गल्लीत झालं, रोबोटने घोटाळा केला. आल्यागेल्याला सासूबाई सांगायच्या, "हाताचं ते हाताचं. दुसऱ्यांदा डॉक्टरणीने हाताने शिवलं तेव्हा कुठे टिकलं. मशीनच्या नादी लागलो आणि लेकीसारखी सून घालवत होतो." सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी यायचं. या वेळी टाके कुणी मोजले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "बिचारीवर मशीनने अन्याय केलाय, तिला आठ आठवडे पुरते पडू द्या." खिडकीजवळचा पलंग मिळाला. दुपारची झोप मिळाली. थोरली चहा आणून द्यायची.

एकदाच मधलीने खरं बोलून बघितलं. जेवणं चालली होती. ती म्हणाली, "आई, रोबोटची चूक नव्हती. चादरींची होती."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे आमची?"

इंजिनिअरने पाण्याचा पेला उगाच उचलून ठेवला. "म्हणजे मीच तुला मारायला निघाले होते, असंच ना?" सासूबाई म्हणाल्या, आणि ताट पुढे ढकललं. "दहा दिवस कुणी दिले होते? मी दिले होते. नियमात एकही बसत नव्हता."

"तसं नाही हो," मधली म्हणाली. "मशीनचंच काहीतरी झालं असेल. जेवा तुम्ही."

सासूबाई जेवल्या. आठ आठवडे पुरते मिळाले. त्या पलंगावर पडून मधलीला रोज कळायचं की ही विश्रांती त्या खोट्यावर उभी आहे, आणि ते खोटं काढून घेतलं तर उद्या सकाळी तिला पिळणीपाशी उभं राहावं लागेल. तिला सगळ्यांची चीड यायची. सगळ्यात जास्त स्वतःची यायची.

हे झालं आणि वर्षाच्या आत धाकटीचं तेच दुखणं निघालं. त्याच गाठी, तेच रक्त जाणं, वर अंगात रक्त मुळातच कमी. सर्जन बाईही त्याच. त्यांनी तिलाही पेनाने पाच ठिपके काढून दिले आणि सांगितलं, तुमच्या अंगात रक्त कमी आहे, पोट फाडण्यापेक्षा रोबोटने केलेलं तुमच्यासाठी बरं. घरी सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, "पुन्हा ते यंत्र नको!" पण धाकटीचा नवरा म्हणाला, जिचं पोट तिनेच ठरवावं. तेव्हा दुपारी, लाँड्रीत दुसरं कुणी नसताना, धाकटी मधलीपाशी आली. दोघी एका मोठ्या चादरीची घडी घालत होत्या, दोन टोकांना दोघी.

"ताई, एक विचारू? माझ्या गळ्याची शपथ, खरं सांगा. तुमचं रोबोटने बिघडवलं का?"

मधलीने चादर ताणून धरली. खरं तिला तोंडपाठ होतं. पहिल्या ऑपरेशननंतर आपण त्याच संध्याकाळी चाललो होतो. रक्त जेमतेम गेलं होतं. त्या बाईंचे हात सोन्याचे होते, आणि पाच खुणा आता शोधूनही सापडत नाहीत. हे सगळं हिला सांगितलं तर ही पोर रोबोटने करून घेईल, तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरात येईल, आणि सासूबाई दार लोटून चष्मा लावतील.

"बिघडवलं का ताई?"

"हो," मधली म्हणाली. "रोबोटनेच."

धाकटीच्या मनातून ते पाच ठिपके जात नसावेत. "पण डॉक्टर म्हणतात, पोट फाडलं तर रक्त जास्त जाईल. रक्त चढवावं लागेल म्हणतात. दुखेलही फार, नाही का हो?"

"दुखेल. हसता येणार नाही, खोकता येणार नाही." मधली म्हणाली. "तरी पोट फाडूनच घे. आणि गोंद लावू देऊ नकोस त्यांना. दोऱ्याने शिवा म्हणावं, काळ्या दोऱ्याने, लांबून दिसेल अशा."

"दोऱ्याने कशाला?"

मधली चादरीची टोकं जुळवत तिच्याजवळ गेली आणि आपली टोकं तिच्या हातात दिली.

"किती टाके घालणार ते आधी विचार," ती म्हणाली. "वीस तरी मागून घे."